‘बदलून बघू’ म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये एक जुनी डिझेल जीप आली. रात्री घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो, दिवसा त्याच घाटात तो निम्म्यावरून हलत नाही, अशी तक्रार. आमच्याकडे येण्याआधी तिचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता. मग थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, आणि शेवटी हेड उघडून गॅस्केटसुद्धा. काट्याचे वागणे काही बदलले नाही.

आम्ही इंजिन गरम केले आणि गाडी जागेवर उभी असतानाच हेडलाइट लावले. काटा चढला. हेडलाइट बंद केले, काटा उतरला. पाणी इतक्या झटक्यात तापत नाही आणि निवतही नाही, म्हणजे दोष पाण्यात नव्हताच. मल्टीमीटरची एक पिन ब्लॉकला आणि दुसरी बॉडीला लावली, तर दिवे चालू असताना पाऊण व्होल्टचा फरक दिसला. एका तारेच्या सेन्सरला अर्थ मिळतो ब्लॉकमधून, मीटरला मिळतो बॉडीतून. दोन्हींच्या मधली पट्टी नीट धरत नसेल, तर दिव्यांचा करंट वाढला की मीटरचा अर्थ वर उचलला जातो आणि काट्याला इंजिन तापल्याचा भास होतो. दोन महिन्यांपूर्वी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते. पट्टी ताज्या रंगावरच आवळलेली होती. रंग खरवडून बोल्ट पुन्हा आवळला, एवढेच काम.

त्या मालकाने हेडचे पैसे भरले होते, ही गोष्ट मला अजून टोचते.

काटा चुकतोय असे वाटले की आपल्यापैकी बहुतेकांचा हात आधी नव्या सेन्सरकडे जातो. माझे म्हणणे एवढेच, की पहिला प्रश्न सेन्सरचा नाही. इंजिन खरोखर किती तापले आहे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर काट्याला न विचारता दुसरीकडून मिळवा. थर्मोस्टॅट हाउसिंगवर आयआर गन धरा. पण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बरेच कमी दाखवते, म्हणून आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. स्कॅनर चालणारी गाडी असेल तर आणखी सोपी चाचणी आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी स्टार्टर न मारता फक्त इग्निशन चालू करून कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने पाहा. दोन्ही जवळजवळ सारखीच असायला हवीत. एकात पंधरा-वीस अंशांची तफावत दिसली, तर तपास तिथूनच सुरू होतो.

पुढचे काम साखळीचे आहे: सेन्सर, कपलर, तार, मीटर. दोन तारांच्या सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवर बहुधा उणे ४० दिसते, कोड पी०११८ येतो आणि अनेक गाड्यांत फॅन सतत फिरू लागतो. कपलरच्या दोन पिना जोडल्या की आकडा सव्वाशेच्या पुढे जातो आणि पी०११७ येतो. हे दोन्ही घडले तर तार आणि ईसीयू ठीक आहेत. मगच सेन्सरवर संशय घ्या, आणि तोही ओहम मोजून. बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना साधारण तीनशे ओहम मिळतात. जुन्या गाड्यांच्या फक्त काट्यासाठीच्या सेन्सरचे आकडे वेगळे असतात, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एका तारेच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले, की अर्थच तुटू शकतो. आणि तापमानाचा व डिझेलचा, दोन्ही काटे एकदम चुकत असतील, तर सेन्सरला हात लावू नका. मीटरचा व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ तपासा.

इथवर काटा खोटा गरम दाखवतो त्याबद्दल लिहिले. मला जास्त भीती वाटते ती खोट्या थंड काट्याची. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. होज फुटून पाणी गेले, की त्याच्याभोवती वाफ आणि हवा उरते, आणि काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. इंजिन जाम झालेल्या गाडीचा ड्रायव्हर ‘काटा तर मध्येच होता’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला खोटारडा ठरवतो. तो बहुतेक वेळा खरे बोलत असतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो, बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात तो मध्यावरच उभा राहतो. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा आणि लाल दिवा तेवढा आहे. म्हणून काटा थंड असेल तर आधी पाण्याची पातळी बघा, मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडून नव्हे. पातळी बरोबर असेल आणि घाट उतरताना काटा पार खाली जात असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, किंवा कोणीतरी तो काढूनच टाकला असेल. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट कशाला’ हा समज अजून गेलेला नाही, तो आपणच घालवायला हवा.

हे सगळे तपासायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्याचे पैसे मागायला आपण संकोचतो. सेन्सरचे बिल देता येते, तपासणीचे कसे द्यायचे, असे वाटते. पण तपासणी फुकट ठेवली की कमाई सुट्या भागांवरच होते, आणि मग भाग बदलण्याचीच सवय लागते. बिलावर ‘निदान’ अशी वेगळी ओळ घाला आणि मोजलेले आकडे तिच्याखाली लिहून द्या. आकडे दिसले की गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुरत नाही, हा माझा अनुभव आहे.

वाचक मित्रहो, एक विनंती. या महिन्यात एखादा तापमानाचा सेन्सर काढलात, तर तो लगेच भंगारात टाकू नका. तो थंड पाण्यात, कोमट पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवून ओहम मोजा. पाण्याचे तापमान, गाडीचे मॉडेल आणि वर्ष लिहून आमच्याकडे पाठवा. आलेल्या आकड्यांचा तक्ता आम्ही छापू.