एकटी राहिली तरच कायदेशीर

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज तोंडावर असेल, पाठोपाठ गावोगावच्या मंडईंना आणि दंडारींना रंग चढेल. सणासुदीला हा विषय कशाला, असं काही वाचक विचारतील. विचारू देत.

पोलीस ज्याला ‘पिटा’ म्हणतात, तो 1956 चा कायदा सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने केलेल्या देहविक्रीला गुन्हा म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये तीन महिलांना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितलं. गोम पुढे आहे. दोघी सोबतीने एका खोलीत धंदा करू लागल्या की तो कुंटणखाना. जाणूनबुजून खोली देणारा घरमालक आरोपी. रस्त्यावर गिऱ्हाईकाला बोलावलं की कलम 8. आणि कलम 4 तर थेट भाऊबीजेच्या ताटापर्यंत पोचतं. तिच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही, मग तो तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा का असेना, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र! दारूच्या नशेत कुणी गळा धरला, तर हाक मारायला शेजारीण नको आणि धावून यायला घरचं माणूसही नको, अशी ही तजवीज.

भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरची गंगाजमुना ही देहविक्रीची वस्ती. ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी कठडे लावून तिथले रस्ते अडवले. अल्पवयीन मुलींना अशा धंद्यातून सोडवलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण सज्ञान बायकांचं काय? वस्ती मोडली म्हणून पोट थांबत नाही. बाई अनोळखी लॉजवर जाते, महामार्गाच्या कडेला उभी राहते, दलालाच्या मोबाइलवर विसंबते. वस्तीत निदान त्रास देणारं गिऱ्हाईक कोणतं, ते चौघींना ठाऊक असतं.

1999 मध्ये कोलकात्यात अशाच एका बाईचा खून झाला. त्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा 19 मे 2022 चा आदेश आला. खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवईही होते. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन देहविक्री करणारी बाई आली, तर इतर कुठल्याही पीडितेइतकीच वैद्यकीय मदत द्या. कंडोमला पुरावा करू नका. धाडीतल्या बायकांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, असं त्यात आहे. कायदा मात्र अजून तोच.

शेवटची सूचना आम्हा छापणाऱ्यांसाठी आहे आणि ती पाळायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्यातल्या वार्ताहरांनी, ठाणेदारांनी आणि सरकारी डॉक्टरांनी तो आदेश एकदा वाचावा, ही विनंती.