वणवा आणि आकाशातली बादली

मार्च-एप्रिलमध्ये आपल्या बुरहानपूरच्या जंगलात वणवा लागला, की शनवाऱ्यात कोणीतरी विचारतंच, "विमानातून पाणी का नाही टाकत?"

टाकतात की! मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात आग लागली, तेव्हा हवाई दलाच्या दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी सिलिसेढ तलावातून पाणी उचलून ओतलं. हेलिकॉप्टरखाली लटकणाऱ्या त्या 'बांबी बकेट'मध्ये एका खेपेला साधारण साडेतीन हजार लिटर मावतं. म्हणजे लग्नाघरी येतो तो छोटा टँकर! एवढ्याने डोंगर विझत नाही. ज्वाळा बसतात, वेळ मिळतो. त्या वेळात खालची माणसं पाला झाडून मोकळा पट्टा काढतात. जळायला काही उरलं नाही, की आग थांबते. ऑस्ट्रेलियातली मोठी विमानंसुद्धा तांबडं रसायन बहुधा आगीवर नाही, आगीच्या वाटेत पुढे टाकतात.

आपल्याकडे मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग कधीकधी पसरते. ज्यांचं पोट त्या फुलांवर आहे, त्यांना नुसते बोल लावून काय होणार? मध्य प्रदेशातच काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. पाला पेटवावा लागत नाही, आणि मातीत न पडलेल्या फुलांना भावही बरा मिळतो.