भाड्याचे इंजिन

संगणकावरचे किंवा मोबाइलवरचे खेळ तयार करणारे सगळेच काही मोठ्या कंपन्यांचे पगारदार नसतात. कुठे दोघे-तिघे मित्र, कुठे एखादे जोडपे, तर कुठे एकटाच माणूस घरातल्या एका खोलीत बसून तीन-तीन, चार-चार वर्षे एकच खेळ घडवीत असतो. अशांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र निर्माते म्हणतात. नाव स्वतंत्र असले तरी एका बाबतीत ही मंडळी पुरती परावलंबी असतात. ते परावलंबन किती खोल आहे, हे १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांना एकाएकी उमगले.

खेळातला चेंडू जमिनीवर पडला की उसळतो. दिवा हलला की सावली सरकते. बोट लावताच बाहुली उडी मारते. हे सारे मुळापासून लिहायचे म्हटले तर निम्मे आयुष्य त्यातच जाईल. म्हणून ही कामे आयती करून देणारी एक प्रणाली मिळते, तिला ‘गेम इंजिन’ म्हणतात. पोळी सुगरणीच्या हातची, पण गहू दळणारी गिरणी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

अशा गिरण्यांमध्ये फार मोठे नाव म्हणजे ‘युनिटी’. २००४ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात तिघा तरुणांनी ही कंपनी काढली. त्यांना खरे तर खेळच करायचा होता आणि त्यांनी तो केलाही. खेळ फारसा चालला नाही, पण तो करण्यासाठी बनवलेले अवजार मात्र जगभर गेले. शिकायला सोपे, छोट्यांना फुकट आणि कमाई वाढली की वर्षाला माणशी ठरावीक भाडे, असा त्याचा रोकडा व्यवहार होता. ‘पोकेमॉन गो’ आणि ‘अमंग अस’ हे घराघरांत पोचलेले खेळ याच इंजिनवर उभे आहेत.

त्या सप्टेंबरात युनिटीने जाहीर केले, की १ जानेवारी २०२४ पासून भाड्याखेरीज आणखी एक आकार द्यावा लागेल. वर्षाची मिळकत २ लाख डॉलर आणि आजवरच्या प्रतिष्ठापना, म्हणजे खेळ कुणाच्या यंत्रावर उतरवून घेतला जाण्याच्या घटना, २ लाख झाल्या, की त्यापुढच्या प्रत्येक प्रतिष्ठापनेमागे २० सेंट. हा दर अमेरिकेसारख्या देशांचा. इतर बहुतेक देशांसाठी तो २ सेंट होता. महागड्या परवान्यावर मर्यादा १० लाखांची आणि दर काहीसा कमी.

वीस सेंट ऐकायला किरकोळ वाटतात. पण एखादा खेळ फुकट वाटला जातो आणि त्यातल्या जाहिरातींवर किंवा किरकोळ खरेदीवर निर्मात्याचे घर चालते. असा खेळ अमेरिकेत २२ लाख वेळा उतरवला गेला आणि वर्षाकाठी २ लाख डॉलर मिळाले, असे धरा. पहिले २ लाख सोडून उरलेल्या २० लाखांचे बिल होते ४ लाख डॉलर! मिळकत दोन लाखांची आणि देणे चार लाखांचे. सुताराने भाड्याच्या रंध्याने खुर्ची करावी आणि रंध्याच्या मालकाने खुर्चीवर नवा माणूस बसला की दमडी मागावी, त्यातली ही गत. त्यातच एकाच माणसाने खेळ काढून पुन्हा घातला तर तो दोनदा मोजणार का, याचे उत्तरही पहिल्या दिवशी एक आणि नंतर दुसरे, असे मिळाले.

तरीही निर्मात्यांना खरा घाव बसला तो दराचा नव्हता. पूर्वी विकलेल्या, जुन्या अटी मान्य करून बनवलेल्या खेळांनाही नवा आकार लागू होणार होता. २०१९ साली एका वादानंतर याच कंपनीने आश्वासन दिले होते, की जो ज्या आवृत्तीवर काम करतो आहे त्याला त्या आवृत्तीच्या अटी पाळून राहता येईल. हे आश्वासन तोवर अटींतून नाहीसे झाले होते. दर वाढला तर माणूस कुरकुरतो आणि देतो. झालेल्या सौद्याची किंमत मागाहून बदलू लागली, तर तो हिशेब मांडणार तरी कसा?

मग सोडून का जात नाही, असे कुणीही विचारील. पण बिऱ्हाड हलवणे एवढे सोपे नव्हते.

पहिला पर्याय ‘अनरियल’. देखण्या त्रिमिती खेळांसाठी त्याची ख्याती आहे आणि खेळाच्या एकूण विक्रीचे १० लाख डॉलर होईपर्यंत तो काही मागत नाही. पुढे ५ टक्के. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा २०२० साली आलेला, भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ अनरियलवरच बनलेला आहे. परंतु साध्या सपाट चित्रांच्या छोट्या खेळाला हे इंजिन म्हणजे भाजी चिरायला तलवार.

दुसरा पर्याय ‘गोदो’. अर्जेंटिनातल्या दोघांनी तो बनवला आणि २०१४ साली सर्वांना खुला केला. बेकेटच्या नाटकातला गोदो शेवटपर्यंत येत नाही, हा मात्र फुकट येतो आणि भाडेही मागत नाही. त्याची संहिता उघडी असल्याने उद्या कुणी अटी बदलू म्हटले, तरी आज हातात आलेली प्रत कुणी काढून घेऊ शकत नाही. मग अडचण कुठे होती? युनिटीचे लोक सी शार्प या भाषेत लिहितात. त्या वेळच्या गोदो ४ मध्ये या भाषेत लिहिलेला खेळ मोबाइलवर नेण्याची सोय नव्हती. शिवाय सोनी, निन्टेन्डो यांच्या खेळयंत्रांची तांत्रिक माहिती गुप्ततेच्या कराराखाली मिळते. ती उघड्या संहितेत घालता येत नाही. म्हणजे त्या बाजारात जायचे तर मध्यस्थ गाठून त्याला पैसे मोजणे आले.

आणि सर्वांत मोठी किंमत वेळेची. ‘रोड टू व्होस्टोक’ हा खेळ फिनलंडमधला एकटा निर्माता युनिटीवर करीत होता. त्याने तो गोदोवर नेला, त्याला सहाशेहून अधिक तास लागले. रोज आठ तास धरले तरी अडीच महिने, आणि एवढे करून खेळ होता तिथेच! सिअॅटलची मेगा क्रिट ही संस्था दोन वर्षांहून अधिक काळ युनिटीवर नवा खेळ करीत होती. अटी मागे घेतल्या नाहीत तर आम्ही निघालो, असे तिने जाहीरपणे, बऱ्याच जहाल शब्दांत कळवले. तो खेळ, ‘स्ले द स्पायर २’, पुढे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला तो गोदोवर बनलेला म्हणूनच. ‘टेरारिया’ हा लोकप्रिय खेळ करणाऱ्या री-लॉजिकने गोदोसह दोन खुल्या प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर आणि दरमहा हजार डॉलर देऊ केले. विशेष म्हणजे ‘टेरारिया’ हा काही मुळात युनिटीवर बनलेला खेळ नव्हता.

दहा दिवसांत युनिटीने माफी मागितली. फुकट परवानेवाल्यांना आकार माफ झाला, जुन्या आवृत्त्या वगळल्या आणि इतरांसाठी मिळकतीच्या अडीच टक्क्यांची कमाल मर्यादा ठरली. ऑक्टोबरात मुख्य अधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी, घोषणेला बरोबर एक वर्ष झाले त्याच दिवशी, नव्या नेतृत्वाने आकार पुरताच रद्द केला. त्याऐवजी साधे भाडे वाढवले. २०२५ च्या सुरुवातीपासून ‘प्रो’ परवाना ८ टक्क्यांनी महागून वर्षाला माणशी २,२०० डॉलरच्या घरात गेला. या वाढीवर तसा गहजब झाला नाही, यातच सारे आले.

कोण गेले आणि कोण राहिले, हे रागाच्या प्रमाणात ठरले नाही. खेळ अर्ध्यावर आला होता की सुरूच व्हायचा होता, पदरी किती महिन्यांची शिल्लक होती, घरचे आणखी किती थांबायला तयार होते, यावर बहुतेकांचा निर्णय ठरला. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडची टीम चेरी ही अवघ्या काही जणांची संस्था ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’वर कित्येक वर्षे खपत होती. ती युनिटीवरच राहिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खेळ बाजारात आला, तेव्हा विक्रीची संकेतस्थळे गर्दीने काही काळ कोलमडली. इतक्या पुढे आलेले काम मोडून पुन्हा मांडा, असा सल्ला त्यांना कोणता शहाणा देता?

पुढचा खेळ मात्र कोऱ्या पाटीवर सुरू होतो. म्हणून अनेक छोटे निर्माते आता हातातला खेळ युनिटीवर पुरा करतात आणि संध्याकाळचा तासभर गोदो शिकण्यात घालवतात. परवान्याच्या अटींची छापील प्रत तारखेसह फायलीला लावून ठेवणारेही त्यांत आहेत.