नव्वदचं दशक दहाव्या वर्षी कळत नाही

नव्वदच्या दशकातल्या सिनेमा-गाण्यांची खरी मजा घ्यायला कोणतं वय सर्वांत भारी होतं, यावर माझ्या पिढीचं जवळपास एकमत आहे: आठ ते बारा. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ सुरू झाला तेव्हा शाळेत असायला हवं. कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फीत गुंडाळलेली असायला हवी. इथवर माझी काही तक्रार नाही. पण त्यापाठोपाठ हमखास एक वाक्य येतं: “तेव्हा हे हिंदू-मुसलमान वगैरे काही नव्हतं.” माझं भांडण या वाक्याशी आहे.

मी १९८८चा, म्हणजे या हिशेबाने अगदी योग्य वयाचा. म्हणूनच सांगतो, दहा वर्षांच्या मुलाची साक्ष या बाबतीत ग्राह्य धरू नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टीम नीट चालली का, हे लॉग पाहून ठरवतो. लॉगमध्ये एकही एरर नसेल तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर एरर आलीच नाही, किंवा लॉगिंग बंद होतं. आमच्या लहानपणी लॉगिंग बंद होतं. घरातल्या मोठ्यांनी ते बंद ठेवलं होतं, कारण त्यांचं आमच्यावर प्रेम होतं.

आता जरा नोंदी तपासू. कॅसेटचंच घ्या. ज्या स्वस्त कॅसेटवर १९९० मध्ये ‘आशिकी’ची गाणी घरोघरी पोचली, तशाच कॅसेटवर त्याच सुमारास साध्वी ऋतंभरा यांची भाषणं गावोगावी वाजत होती. व्हॉट्सॲप फॉरवर्डचा बाप तेव्हाच जन्मला होता. फरक एवढाच, की त्याला पेन्सिल लागायची. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृतांची नोंद केली. त्यांतले ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. तो अहवाल १९९८ मध्ये जाहीर झाला आणि तेव्हाच्या राज्य सरकारने तो एकतर्फी म्हणून बाजूला सारला. आम्हाला मात्र १९९८ म्हटलं की ‘कुछ कुछ होता है’ आठवतो. १९९७ म्हटलं की शक्तिमान आठवतो, ११ जुलैचा घाटकोपरच्या रमाबाई नगरातला गोळीबार आणि त्यातले दहा बळी आठवत नाहीत.

आपल्या शहराचंही तसंच. औरंगाबादचं नाव बदलण्याचा निर्णय युती सरकारच्या मंत्रिमंडळाने १९९५ मध्ये घेतला, त्याच वर्षी ‘दिलवाले दुल्हनिया’ आला. २००१ मध्ये निर्णय मागे घेतला गेला आणि २०२३ मध्ये नाव बदललंच. म्हणजे आज ज्यावरून मोर्चे निघतात ते काही आजच्या मोबाईलवाल्या पोरांनी उकरून काढलेलं नाही. तो नव्वदचाच जुना चित्रपट आहे.

“पण तेव्हा तिन्ही सुपरस्टार खान होते की!” असं कुणी म्हणेल. होते, आणि त्याचा आनंद खराच आहे. पण गाजलेल्या चित्रपटांतली त्यांची नावं आठवा: प्रेम, राज, राजा. पडद्यावर मुसलमान कोण होता? १९९९ चा ‘सरफरोश’ पाहा. मी तो अकराव्या वर्षी पाहिला तेव्हा मला फक्त मारामारी दिसली. माझी आपा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिला इन्स्पेक्टर सलीम दिसला, ज्याला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. चित्रपट एकच होता, वय वेगळं होतं.

म्हणून माझं उत्तर असं: नव्वदचं दशक पाहायला सर्वांत चांगलं वय पंधरा. गाण्यावर जीव टाकण्याइतकं कोवळं आणि बातमी कळण्याइतकं जाणतं. १९९५ मध्ये सईद अख्तर मिर्झांनी ‘नसीम’ काढला, त्याची नायिका याच वयाची. १९९२ च्या जूनपासून ६ डिसेंबरपर्यंतचे महिने ती शाळेत जाते, हसते, आजारी आजोबांकडून जुन्या गोष्टी ऐकते. टीव्हीवर अयोध्येच्या बातम्या चालू असतात. आजोबा झालेत कैफी आझमी आणि नसीम झालीय मयुरी कांगो, आपल्या औरंगाबादची मुलगी. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा चित्रपट नव्वदच्या एकाही ‘गोड आठवणी’ यादीत मला दिसलेला नाही. कारण याद्या करणारे आम्ही, दहा वर्षांचे.

“मग आम्ही मजाही करू नये का?” असं विचाराल. जरूर करा. आपा आजही ‘आशिकी’ची गाणी गुणगुणते. डिसेंबर ९२ मध्ये अब्बांनी आठवडाभर कुणाला घराबाहेर पडू दिलं नव्हतं, हेही तीच सांगते. एक आठवण दुसरीला खोटं ठरवत नाही. दोन्ही जवळ असल्या तरच दशक पुरतं दिसतं.

हा नुसता आठवणींचा खेळ असता तर मी लिहिलं नसतं. पण “आधी सगळं छान होतं” हे मान्य केलं की दुखणं कालचं ठरतं आणि औषधही तेवढंच सुचतं: मोबाईल बाजूला ठेवा, राजकारण बोलू नका, सगळं पूर्वीसारखं होईल. दुखणं तीस-पस्तीस वर्षांचं आहे म्हटल्यावर मात्र प्रश्न बदलतात. आयोगाच्या अहवालाचं काय झालं? शिक्षा किती जणांना झाल्या? हक्क मागणारा आज वातावरण बिघडवणारा ठरतो, तो याच खोट्या शांततेच्या गोष्टीमुळे.

मित्र-मैत्रिणींनो, तुम्ही आज पंधरा ते पंचविशीत आहात. आमची उसनी हळहळ घेऊ नका. या दशकातली गाणी ऐका, रील करा, आणि आजूबाजूला जे घडतंय ते तारखेसह लिहूनही ठेवा. सुरुवात घरातून करा. १९९२ मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं कुणी तरी घरात असेलच: खाला, चाचा, अम्मी. त्यांना आवडती गाणी विचारा. मग त्या डिसेंबरबद्दल विचारा, आणि पुरतं ऐकून घ्या.