गाडी आपली, गॅरेज कुणाचं?
पावसाळ्यात केळघर घाटात एखादी गाडी कठड्याला घासली, की विमा कंपनीच्या फोनवर प्रश्न ठरलेला: आमच्या यादीतल्या गॅरेजला कधी नेताय? मेढ्याच्या माणसाला ते गॅरेज म्हणजे बहुधा सातारा, पंचवीसेक किलोमीटर. आणि गाडी ओढून न्यायला नेहमीच्या पॉलिसीत मिळणार फार तर १५०० रुपये! खरं तर कुठल्याही गॅरेजात काम करून, बिलं जोडून पैसे मागायचा हक्क मालकाला आहे. पण यादीत कॅशलेस आणि यादीबाहेर आधी खिशातून भरा, म्हटल्यावर रोकड नसलेल्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणे, गावातले मिस्त्री बिलं फुगवतात. मग नुकसान मोजणारा सर्व्हेअर कशाला असतो? फेंडर बदलायचा की ठोकून सरळ करायचा, हे तोच बघतो. आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कवच, घेतलं नसेल तर प्लॅस्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे कुठेही कापलेच जातात. अस्सल सुटे भाग गावात मिळत नाहीत, हा आक्षेप मात्र वजनदार. पण का मिळत नाहीत? २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो बाहेरच्या गॅरेजांची सुट्या भागांची वाट अडवल्याबद्दलच. आधी वाट अडवायची, मग माल नाही म्हणून नावं ठेवायची, हे बरं आहे! सर्व्हेअरनं मंजूर केलेली रक्कम, पक्कं बिल बघून, मालक सांगेल त्या मिस्त्रीच्या खात्यात थेट जमा व्हायलाच हवी. आरोग्य विम्यात २०२४ पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय आली. माणसाला जे चालतं ते मारुतीला का चालू नये?