विश्लेषण : एकट्याने स्कूबा डायव्हिंग... जीव गेल्यास जबाबदार कोण?

जोडीदाराशिवाय पाण्याखाली जायचे नाही, हा स्कूबा डायव्हिंगमधला अगदी सुरुवातीचा धडा. तरीही एकट्याने उतरणारे अनुभवी डायव्हर जगभर आहेत. दुर्घटना घडली, तर फॉर्मवरच्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या शब्दांचा अर्थ कुठपर्यंत जातो?

एकट्याने उतरण्यास मान्यता आहे का?

जोडीचा नियम मुळात प्रशिक्षण संस्थांनी रुजवला. आता त्यांच्यापैकीच काही संस्था एकट्याने उतरण्याचे प्रशिक्षण देतात. ‘पॅडी’च्या अभ्यासक्रमासाठी किमान वय १८, तर ‘एसडीआय’च्या अभ्यासक्रमासाठी २१ आहे. दोन्हीकडे किमान १०० डाइव्हची नोंद लागते. कारण साधे आहे. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून सिलिंडरमधली हवाही चौपट वेगाने संपते. जोडीदार असेल तर त्याच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घेत वर येता येते. एकट्याला ही सोय स्वतःच न्यावी लागते : वेगळा छोटा सिलिंडर, त्याचा स्वतंत्र रेग्युलेटर, जादा मास्क, दोर कापायला सुरी. एवढे न घेता जो उतरतो, त्याला धाडसी म्हणणे चुकीचेच.

जोडीदारावर दावा होऊ शकतो?

होऊ शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एक महिला पतीसोबत डायव्हिंग करताना मरण पावली आणि तिच्या मुलांनी त्या पतीवर दावा केला. डायव्हिंगमधल्या जोडीदारांनी एकमेकांची वाजवी काळजी घेणे हे कायदेशीर कर्तव्य आहे, असे अपील न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले. मात्र, पतीची चूक मृत्यूचे थेट कारण ठरत नाही, म्हणून भरपाई नाकारली. एकट्याने उतरणाऱ्यावर हे ओझे नसते. पण त्याला शोधायला जाणाऱ्यांचा जीव धोक्यात पडतोच.

सही केली म्हणजे हक्क संपला?

नाही. खोलीचा, प्रवाहाचा, स्वतःच्या चुकीचा धोका डायव्हर पत्करतो. सिलिंडरमध्ये दूषित हवा भरणे किंवा माणसे न मोजता बोट हाकणे, हा धोका त्याने पत्करलेला नसतो. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकी दाम्पत्याला समुद्रातच सोडून बोट परतली. ते परतले नसल्याचे दोन दिवसांनी लक्षात आले. दोघे कधीच सापडले नाहीत. ते जोडीनेच उतरले होते, हे विशेष. बोटचालक सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण कंपनीला दंड झाला.

ब्रिटनमध्ये २०१५च्या कायद्यानुसार निष्काळजीपणामुळे झालेल्या ग्राहकाच्या मृत्यूची जबाबदारी व्यावसायिकाला करारातून झटकता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये, घोर निष्काळजीपणाला अशी सही संरक्षण देत नाही, असा निर्णय दिला. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत अन्यायकारक कराराला राज्य आयोगापुढे आव्हान देता येते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार गुन्हा आहे आणि खासगी कागदाने तो पुसला जात नाही.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्या पर्यटकाचे तर प्रकरणच वेगळे. त्याची हवा, खोली, वर येण्याची वेळ, सारे प्रशिक्षकाच्या हातात असते. त्याच्याकडून ‘सर्वस्वी माझी जबाबदारी’ असे लिहून घेण्यात फारसा अर्थ नाही.

विम्याचे काय?

भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये स्कूबा डायव्हिंगमुळे लागणारा उपचारखर्च वगळलेला आहे, पण तो ‘व्यावसायिक’ म्हणून सहभागी होणाऱ्यांसाठी. हौशी डायव्हरचा दावा केवळ या अटीवर बोट ठेवून नाकारला गेला, तर तो एक शब्द दाखवून दाद मागता येते. अपघात आणि प्रवास विम्याच्या अटी मात्र वेगळ्या असतात. तिथे एकट्याने उतरण्याबाबत काय म्हटले आहे, हे पॉलिसी घेण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.