स्मरणातून शिष्यवृत्ती

दिवंगत आप्ताच्या नावाने दान करण्याची रीत जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मंदिरांतील संगमरवरी पाट्या, धर्मशाळांच्या खोल्यांवरील नावे, पांजरपोळांतील चाऱ्यासाठी ठेवलेले निधी आणि स्वाध्यायाच्या ग्रंथांच्या आरंभी छापलेला ‘स्मरणार्थ’ हा शब्द, ही सर्व त्याच रीतीची रूपे होत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी शास्त्रदान आज पुष्कळदा शिष्यवृत्तीच्या रूपाने दिले जाते. मात्र शिष्यवृत्ती म्हटली की डोळ्यांसमोर उभा राहतो तो दहावी-बारावीचा गुणवंत विद्यार्थी. संसार, नोकरी आणि वृद्ध आईवडील सांभाळून चाळिशीत पुन्हा वही उघडणारी व्यक्ती दात्याच्या नजरेस सहसा पडत नाही.

अमेरिकेत अशा प्रौढ विद्यार्थ्यांसाठी निधी जमविण्याची एक रूढ पद्धत आहे. दिवंगत व्यक्तीच्या नावाने वर्षातून एकदा गोल्फचा सामना भरवला जातो. चार-चार जणांचे संघ प्रवेशशुल्क भरून उतरतात आणि अठरा गुणविवरांचे मैदान चार-पाच तासांत पुरे करतात. स्थानिक दुकानदार व व्यावसायिक एकेका विवराचा खर्च उचलतात आणि तेथे त्यांच्या नावाची पाटी लागते. बहुधा नियम असा असतो, की संघातील चौघांनीही चेंडू मारावा आणि ज्याचा चेंडू उत्तम जागी पडला असेल तेथून सर्वांनी पुढचा टोला घ्यावा. त्यामुळे नवशिकाही कुशल खेळाडूंबरोबर खेळू शकतो. फसलेला टोला पुन्हा मारण्याची संधीही काही डॉलर देऊन विकत घेता येते. तिला ‘मलिगन’ म्हणतात. ते पैसेही निधीत जातात आणि पुढे कोणाला तरी अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करता येते.

खेळ, मेजवानी आणि बक्षिसे यांना दान म्हणावे काय, हा प्रश्न श्रावकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या करकायद्याने त्याचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. प्रवेशशुल्कातून खेळाचे व भोजनाचे वाजवी मूल्य वजा करून जी रक्कम उरते, तेवढीच देणगी म्हणून करसवलतीस पात्र ठरते. शुल्क ७५ डॉलरांहून अधिक असेल, तर संस्थेने हा हिशेब देणाऱ्यास लेखी कळवावा लागतो. तत्त्वार्थसूत्रातही अनुग्रहाच्या हेतूने स्वतःच्या वस्तूचा त्याग करणे अशी दानाची व्याख्या आहे, आणि विधी, द्रव्य, दाता व पात्र यांच्या विशेषाने दानाचे फळ बदलते असे म्हटले आहे. उपभोगलेले वेगळे आणि त्यागलेले वेगळे, एवढा विवेक राहिला तर अशा सामन्याला नाक मुरडण्याचे कारण उरत नाही. जैन आयोजकांना त्यात मद्य वगळता येईल आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता येईल.

मोठ्या सोहळ्यावाचूनही असे स्मारक उभे राहू शकते. जॅनेट रँकिन या अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या महिला. १९१७ मध्ये त्यांनी पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत दिले, आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्धच्या युद्धाला विरोध करणारे संपूर्ण काँग्रेसमधील एकमेव मत त्यांचे होते. गांधीजींच्या अहिंसेचा अभ्यास करण्यासाठी त्या भारतातही आल्या होत्या. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. जॉर्जियातील त्यांच्या मालमत्तेतून बेरोजगार प्रौढ स्त्रियांच्या साहाय्यासाठी सुमारे १६ हजार डॉलर उपलब्ध झाले आणि त्यांतून १९७६ मध्ये त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली. १९७८ मधील पहिली शिष्यवृत्ती एकच होती, ५०० डॉलरांची. पस्तिशी ओलांडलेल्या अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांना ही संस्था पुढेही साहाय्य देत राहिली.

महाराष्ट्रातील जैन समाजाला हा विचार परका नाही. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांना तारुण्यातच वैधव्य आले. पित्याने त्यांना शिकविले आणि पुढे त्यांनी मुंबईच्या श्राविकाश्रमाद्वारे विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणाचे कार्य केले. शिक्षणाचे वय निघून गेले असे ज्यांच्याविषयी समाज मानत होता, त्या स्त्रियांसाठी हे ज्ञानदान होते.

आज वाटा अधिक आहेत. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे घर व नोकरी सांभाळून पदवी घेता येते. अडचण पुष्कळदा शुल्काच्या पलीकडची असते. परीक्षेच्या दिवसांत बुडणारी मजुरी, संपर्कवर्गाला जाण्याचे बसभाडे, पुस्तके, लहान मुलांना सांभाळण्याची सोय, यांपैकी एकाही गोष्टीपायी शिक्षण पुन्हा सुटू शकते. म्हणून प्रौढांसाठी शिष्यवृत्ती ठरविताना केवळ गुणपत्रिका पाहून भागत नाही. वीस वर्षांपूर्वीचे गुण आजची जिद्द सांगत नाहीत. अर्जदाराची परिस्थिती विचारावी, रक्कम शुल्कापुरती बांधून ठेवू नये आणि साहाय्य अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. घेणाऱ्याचा मानही जपावा. आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांसोबत व्यासपीठावर उभे राहून धनादेश स्वीकारणे अनेकांना अवघड वाटते. रक्कम थेट खात्यात जमा केल्याने दात्याचे काहीच उणे होत नाही.

गोल्फचे मैदान थोड्यांनाच परवडते, परंतु पुण्यतिथी प्रत्येक घरात येते. त्या दिवशीच्या भोजनाचा खर्च थोडा आवरून चार-पाच कुटुंबांनी एकत्र निधी केला, तरी एका प्रौढ विद्यार्थिनीचे एक वर्ष निभावू शकते. ज्यांचे स्वतःचे शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले होते, अशा आजी-आजोबांच्या स्मृतीला तर याहून साजेसे दान क्वचितच सापडेल.